पूल, वारा आणि लायब्ररीतला एक कागद

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांच्यासाठी आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना मी दोन-तीन ठिकाणी भरकटलो होतो, ते इथे थोडं सरळ केलंय. सगळंच नाही.

सुरुवात एका कबुलीने करतो. मी बी.टेक. मेकॅनिकलमध्ये केलं आणि नोकरी सॉफ्टवेअरमध्ये करतो. आपल्याकडची नेहमीची गोष्ट. तर तिसऱ्या वर्षाला आम्हाला सेमिनार होता. विषय मिळाला व्हायब्रेशन्स. मी काय केलं असेल? बरोबर. टॅकोमा नॅरोजचा व्हिडिओ लावला. तो काळा-पांढरा, पूल कापडासारखा पिळवटतोय, मधे एक गाडी अडकलीय, आणि शेवटी सगळं धाडकन पाण्यात. वर्ग गप्प. मग मी स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला शब्द दाखवला: रेझोनन्स. वाऱ्याची फ्रिक्वेन्सी आणि पुलाची फ्रिक्वेन्सी जुळली, पूल पडला. टाळ्या. चांगले मार्क.

ते उत्तर चूक होतं. आणि ते चूक असल्याचं माझ्या जन्माच्या आधी छापून आलं होतं.

आजचा भाग त्याबद्दल आहे. म्हणजे पुलाबद्दल कमी आणि ग्रंथालयाबद्दल जास्त. इंजिनिअरिंगच्या पोरांना माहिती शोधायला, तपासायला शिकवावं लागतं, हे कुणाच्या आणि कधी लक्षात आलं? याला इंग्रजीत ‘इन्फर्मेशन लिटरसी’ म्हणतात, मराठीत माहिती साक्षरता. नाव ऐकूनच झोप येते, मान्य आहे. पण थांबा जरा.

आधी पूल. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० ला सुरू झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला पडला. मधला गाळा २८०० फुटांचा, म्हणजे साधारण ८५३ मीटर. लांबीत त्या वेळी जगात तिसरा. रुंदी मात्र फक्त ३९ फूट, आणि रस्त्याला कडेने आधार देणारे गर्डर ८ फूट उंचीचे. म्हणजे दिसायला एकदम सडपातळ, देखणा. पडला त्या दिवशी वारा होता ताशी ४२ मैल, ६८ किलोमीटरच्या आसपास. वादळ वगैरे काही नाही. माणूस एकही गेला नाही. गेला तो गाडीत राहिलेला टबी नावाचा कुत्रा. फार्क्वार्सन नावाचे इंजिनिअरिंगचे प्राध्यापक त्याला सोडवायला गाडीपर्यंत पोचले, तर घाबरलेल्या कुत्र्याने त्यांनाच चावा घेतला.

आता रेझोनन्सचं काय? १९९१ साली बिलाह आणि स्कॅनलन या दोघांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, फिजिक्सची पाठ्यपुस्तकं या पुलाची गोष्ट चुकीची सांगतात. हिशोब सोपा आहे. त्या वाऱ्यात पुलामागे जे भोवरे सुटत होते त्यांची फ्रिक्वेन्सी सेकंदाला साधारण १ येते. पूल पिळवटत होता तो मात्र सेकंदाला ०.२ वेळा, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला पाच सेकंद. १ आणि ०.२ जुळत नाहीत. मग रेझोनन्स कुठला? झालं असं की, पूल हलला की त्या हलण्यामुळेच वाऱ्याचा जोर बदलायचा, आणि तो बदललेला जोर पुलाला आणखी हलवायचा. बाहेरून कुणी तालात धक्के देत नव्हतं. पूल स्वतःच्या हालचालीनेच वाऱ्यातून ताकद ओढून घेत होता. याला फ्लटर म्हणतात, विमानांच्या पंखांत हाच प्रकार होतो.

ही गोष्ट स्कॅनलनना १९९१ ला अचानक सापडली असंही नाही. पुलाच्या अभ्यासकांना ती आधीपासून माहीत होती. पाठ्यपुस्तकं लिहिणारे एकमेकांवरून उतरवत होते, आणि मी त्यांच्यावरून उतरवलं.

पण खरी चटका लावणारी गोष्ट पुढे आहे. झुलता पूल वाऱ्याने पडण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. इंग्लंडमधला ब्रायटनचा साखळ्यांचा धक्का १८३६ साली वादळात मोडला. विल्यम रीड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने त्याची चित्रं काढून ठेवली. ती आज टॅकोमाच्या फिल्मशेजारी ठेवली तर अंगावर काटा येतो, इतका तोच पीळ. वेल्समधल्या मेनाय पुलाला १८३९ मध्ये वाऱ्याने तडाखा दिला. ओहायो नदीवरचा व्हीलिंग पूल, १०१० फुटांचा, १७ मे १८५४ ला पडला, आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी केलेलं वर्णन तेव्हाच्या वर्तमानपत्रात आलं. रोबलिंगसारख्या पूल बांधणाऱ्यांनी त्यातून धडा घेऊन आपले पूल जड आणि ताठ केले. मग शंभर वर्षांत हिशोबाच्या पद्धती सुधारल्या, पूल हळूहळू बारीक होत गेले, आणि ताठपणा कशासाठी ठेवला होता तेच विसरलं गेलं. टॅकोमा पडल्यावर काही महिन्यांत, १९४१ मध्ये, फिंच नावाच्या कोलंबिया विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी ‘इंजिनिअरिंग न्यूज-रेकॉर्ड’मध्ये या सगळ्या जुन्या पडझडीची यादीच मांडली.

म्हणजे माहिती होती. छापलेली होती. ग्रंथालयांत कपाटांत होती.

इथे मला एक सांगावंसं वाटतं. पुलाचा आराखडा करणारे लिऑन मोइसेफ आळशी किंवा अडाणी नव्हते. त्या काळातल्या सगळ्यात नावाजलेल्या पूल-अभियंत्यांपैकी ते एक होते. त्यामुळे ‘वाचलं असतं तर पूल वाचला असता’ असं म्हणणं मला फार स्वस्त वाटतं. जुने पूल वेगळ्या प्रकारचे, जुन्या पद्धतीचे, म्हणून ती माहिती ‘इतिहास’ या खणात गेली आणि डिझाइन करणारा माणूस इतिहासाच्या खणात हात घालत नाही. प्रश्न हुशारीचा नव्हता. कुठला प्रश्न घेऊन कुठल्या खणाशी जायचं, हा होता.

या खणांचं काय करायचं, यावर इंजिनिअर लोकांनीच एक उत्तर काढलं होतं, तेही १८८४ मध्ये. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन बटलर जॉन्सन नावाचे सिव्हिलचे प्राध्यापक होते. नियतकालिकं इतकी निघायला लागली होती की कुणाला सगळी वाचणं शक्य नव्हतं. जॉन्सननी इंजिनिअरिंग संस्थांच्या एका मासिकात ‘इंडेक्स नोट्स’ सुरू केल्या. लेखाचा विषय, लेखक, कुठे छापलाय, आणि एक-दोन ओळींत त्यात काय आहे. बस. पुढे याचंच ‘इंजिनिअरिंग इंडेक्स’ झालं, जाडजूड खंड निघत राहिले, नंतर ते कॉम्प्युटरवर आलं. आज ज्या कॉलेजांना परवडतं त्यांच्याकडे ‘कॉम्पेन्डेक्स’ नावाचा डेटाबेस असतो ना, तो याचाच पणतू. गूगल स्कॉलरच्या शंभरेक वर्षं आधी, हाताने.

फक्त एक घोळ होता. इंडेक्स वापरायला यावं लागतं. ‘पूल’ या शब्दाखाली शोधायचं की ‘वारा’ या शब्दाखाली? की ‘कंपन’? शब्द चुकला की समोर असलेलं सापडत नाही. हे शिकवणार कोण? प्राध्यापक म्हणायचे ग्रंथपालाचं काम, ग्रंथपाल म्हणायचे आम्हाला शिकवायला तास कुठे आहे? हा वाद अजून चालू आहे, विचारा कुठल्याही कॉलेजात.

भारतात या प्रश्नाला ज्या माणसाने हात घातला, तो आधी गणिताचा मास्तर होता. एस. आर. रंगनाथन. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमलं. आठवडाभरात ते इतके कंटाळले, की परत प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला घ्या म्हणून विनवणी करायला गेले. तडजोड अशी झाली की, आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, तरीही नको वाटलं तर परत या. लंडनमध्ये एका दुकानात त्यांनी मेकॅनो बघितलं, तेच पट्ट्या आणि नट-बोल्टचं खेळणं. पट्ट्या मोजक्याच, पण जोडून काहीही बनवा. त्यावरून त्यांना पुस्तकांच्या वर्गीकरणाची कल्पना सुचली: विषयाचे ठरलेले खण नकोत, छोटे तुकडे करा आणि हवे तसे जोडा. पूल अधिक वारा अधिक कंपन. आपण प्रोग्रॅमर लोक टॅग लावतो ना, त्याच्या बरंच जवळचं हे. १९३१ च्या त्यांच्या पाच नियमांतला चौथा नियम आहे, वाचकाचा वेळ वाचवा. आणि ते फक्त कपाटं लावून थांबले नाहीत. नवीन येणाऱ्या वाचकाला ग्रंथालयाची रीतसर ओळख करून देणं, हे त्यांच्या मते संदर्भसेवेचंच काम होतं.

आता थेट साठच्या दशकात, एमआयटीमध्ये. माझा आवडता भाग हाच आहे.

१९६५ मध्ये तिथे ‘प्रोजेक्ट इन्ट्रेक्स’ नावाचा मोठा प्रकल्प उभा राहिला. भविष्यातलं ग्रंथालय बनवायचं. प्रमुख कार्ल ओव्हरहागे, आधी लिंकन लॅबोरेटरीचे संचालक. अनेक जणांना एकाच वेळी वापरता येणारा कॉम्प्युटर, त्यावर हजारो लेखांची सूची, टर्मिनलवर बसून शोधायचं, मूळ लेख मायक्रोफिशवरून पडद्यावर. १९६५ ची गोष्ट आहे ही! पण हे सगळं महाग आणि नाजूक होतं. १९७३ च्या सुमारास प्रकल्प आटोपला.

याच प्रकल्पाच्या आडोशाला, एमआयटीच्या बार्कर इंजिनिअरिंग लायब्ररीत, ‘मॉडेल लायब्ररी’ नावाचं एक छोटं काम चाललं होतं. चार्ल्स स्टीव्हन्स, मेरी कॅनफील्ड आणि जेफ्री गार्डनर ही त्यातली नावं. विद्यार्थी नेहमी अडतात ते सुरुवातीला. विषय नवा, शब्द माहीत नाहीत, समोर लाखो पुस्तकं. म्हणून त्यांनी काढला ‘पाथफाइंडर’. म्हणजे काय? छापील कागद. घडी घालून खिशात मावेल इतकं साधं काम.

समजा त्यांनी ‘झुलते पूल आणि वारा’ असा पाथफाइंडर काढला असता, तर त्यावर काय असतं? आधी दोन ओळींत विषय म्हणजे काय. मग या विषयाची तोंडओळख कुठल्या ज्ञानकोशात किंवा हँडबुकात मिळेल. मग कॅटलॉगमध्ये नेमका कुठला शब्द बघायचा. मग इंजिनिअरिंग इंडेक्समध्ये कुठल्या मथळ्याखाली शोधायचं, कारण तिथला शब्द कॅटलॉगपेक्षा वेगळा असू शकतो. मग नियतकालिकं, परिषदांचे अहवाल, तांत्रिक रिपोर्ट. क्रम महत्त्वाचा, सोप्याकडून अवघडाकडे. आणि एक पथ्य: ही संपूर्ण यादी नाही. पहिल्या काही तासांची सोबत आहे. त्यानंतर तुमचे तुम्ही.

आणखी एक गोष्ट केली त्यांनी, जी ऐकून मला फार गंमत वाटली. इंडेक्स कसा वापरायचा हे वर्गात सांगून कुणी लक्षात ठेवत नाही. म्हणून जिथे ते खंड ठेवलेले, तिथेच टेप आणि स्लाइडची छोटी माहिती ठेवायची. गरज पडली, अडलात, की तिथल्या तिथे ऐका. थोडक्यात, कपाटाला लावलेला पॉडकास्ट.

पाथफाइंडरची कल्पना इतर ग्रंथालयांनी उचलली. १९७३ मध्ये त्यावर ‘कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज’मध्ये लेख आला. आज परदेशी विद्यापीठांच्या वेबसाइटवर विषयवार ‘लिबगाइड’ दिसतात, २००७ पासूनचे, ते त्याच घडीच्या कागदाचे वंशज. इन्ट्रेक्सचा कॉम्प्युटर भंगारात गेला आणि कागद टिकला. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे कबूल करायला थोडं जड जातं.

‘इन्फर्मेशन लिटरसी’ हा शब्द मात्र ग्रंथपालांनी काढला नाही. १९७४ मध्ये पॉल झुरकोव्हस्की यांनी तो वापरला. ते वकील, आणि माहिती विकणाऱ्या कंपन्यांच्या अमेरिकेतल्या संघटनेचे अध्यक्ष. त्यांनी सरकारी आयोगाला अहवाल दिला की, लोकांना माहितीची साधनं वापरायला शिकवा, दहा वर्षांत सगळ्यांना. यात धंदा होता का? असणारच. डेटाबेस विकायचे तर वापरणारा हवा. पण तरी मुद्दा खरा होता. एखाद्या चांगल्या कल्पनेचं मूळ जाहिरातीत असू शकतं, आणि तेही शोधून बघणं हाच तर माहिती साक्षरतेचा भाग आहे!

पुढे हे इंजिनिअरिंगच्या नियमांत घुसलं. अमेरिकेच्या ‘एबेट’ या मूल्यांकन संस्थेने नव्वदच्या दशकात निकष बदलले. किती तास काय शिकवलं यापेक्षा विद्यार्थ्याला शेवटी काय येतं ते बघायचं ठरलं, आणि त्यात आयुष्यभर शिकत राहण्याची क्षमता हा मुद्दा आला. २००६ मध्ये तिथल्या ग्रंथपालांच्या संघटनेने विज्ञान-अभियांत्रिकीसाठी माहिती साक्षरतेची वेगळी मानकं काढली, कारण इंजिनिअरला लागतात पेटंट, स्टँडर्ड्स, तांत्रिक रिपोर्ट. ते निबंधाच्या वर्गात कुणी दाखवत नाही.

आणि आपण? २०१४ च्या जूनमध्ये भारत ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’चा पूर्ण सदस्य झाला. तुमच्यापैकी ज्यांनी त्यानंतर इंजिनिअरिंग केलं असेल त्यांनी आपलं एखादं प्रॅक्टिकलचं जर्नल आठवा. पहिल्या-दुसऱ्या पानावर ‘प्रोग्रॅम आउटकम्स’ची यादी चिकटवलेली असायची, तेव्हा बारा. आठवली? तिच्यात दुसऱ्या नंबरला स्पष्ट लिहिलेलं होतं की, विद्यार्थ्याने संशोधन साहित्य तपासून प्रश्न सोडवावा. बाराव्याला आयुष्यभर शिकणं. म्हणजे सेंट लुइसच्या जॉन्सनपासून सुरू झालेली धडपड माझ्या जर्नलच्या पानापर्यंत पोचली होती. मी त्या पानावर सही घेऊन पुढचा प्रयोग मित्राच्या वहीतून उतरवला.

आमच्या कॉलेजात ग्रंथालयाची ओळख म्हणजे पहिल्या वर्षाला एक तास. शंभर-सव्वाशे पोरं एका खोलीत, कार्ड कसं मिळेल, पुस्तक किती दिवस, दंड किती. नंतर मी तिथे गेलो ते परीक्षेआधी एसीत बसायला आणि शेवटच्या वर्षी ‘नो ड्यूज’च्या शिक्क्यासाठी. डेटाबेसचे पासवर्ड नोटीस बोर्डवर लावलेले होते म्हणे. ग्रंथपाल मॅडमना दोष देत नाही. सगळ्या कॉलेजला त्या आणि एक मदतनीस, आणि वेळापत्रकात त्यांच्या नावाचा एकही तास नाही. मला राग येतो तो सेमिनारच्या मार्कांच्या तक्त्याचा. त्यात सादरीकरण होतं, आत्मविश्वास होता, वेळेचं भान होतं. ‘हे कुठून घेतलं?’ हा रकानाच नव्हता.

आता साधनं वाढली आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर केलं. २०२५ ते २०२७ अशा तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, ६३०० च्या वर संस्था. खूप मोठी गोष्ट आहे, खरंच. पण त्या संस्था सरकारी आहेत. महाराष्ट्रात इंजिनिअरिंग करणाऱ्या किती तरी पोरांचं कॉलेज खासगी विनाअनुदानित असतं, ते या दाराबाहेर. त्यांच्यासाठी नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, प्रबंधांसाठी शोधगंगा आहे, दोन्ही मोफत. आणि दाराच्या आत असलेल्यांना तरी कोण सांगतंय की आत नेमकं काय आहे, कुठल्या शब्दाने शोधायचं? ६००० कोटींमध्ये नियतकालिकं येतात. पाथफाइंडर येत नाही, तो कुणीतरी बसून लिहावा लागतो.

त्यात आता चॅटबॉट. या भागाची तयारी करताना मी एकाला विचारलं, टॅकोमा पुलावरचे महत्त्वाचे शोधनिबंध सांग. त्याने पाच दिले. तीन खरे होते. एकाचा लेखक खरा, पण शीर्षक कुठेच सापडलं नाही. पाचव्यात काहीच खरं नव्हतं. पण पाचही सारख्याच थाटात लिहिलेले, वर्ष, खंड, पान क्रमांकासकट. कॉलेजात असतो तर मी पाचही रिपोर्टच्या शेवटी चिकटवले असते, आणि मार्क तेवढेच मिळाले असते.

१९९१ चा तो लेख मला कॉलेज सोडल्यावर चार वर्षांनी मिळाला, एका मित्राच्या विद्यापीठातल्या लॉगिनवरून. वाचल्यावर पहिल्यांदा आठवला तो माझा सेमिनार रिपोर्ट. डिपार्टमेंटच्या कपाटात असेल तो, पान सातवर ‘रेझोनन्स’. बरं, कपाटात असता तरी ठीक. त्याची पीपीटी बॅचच्या ड्राइव्हवर आहे, आणि दर वर्षी ज्युनियर ती घेतात.

मागच्या वर्षी एका ज्युनियरचा मेसेज आला. ‘दादा, तुमची टॅकोमाची पीपीटी मिळेल का, लिंक उघडत नाहीये.’ मी पीपीटी पाठवली, सोबत त्या लेखाचं पूर्ण नाव, आणि सविस्तर लिहिलं की स्लाइड नऊ चुकीची आहे, का चुकीची आहे, कुठे वाचायचं. दहा मिनिटं टाइप करत होतो.

त्याचा रिप्लाय आला, ‘थँक्स दादा. स्लाइड नऊ बदलूनच पाठवता का? उद्या सबमिशन आहे.’